खुरांची खतावणी

अमेरिकेतल्या आमच्या मराठी शाळेने यंदा मुलांची सहल प्राणिसंग्रहालयात न्यायचं ठरवलं आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन दिवस धुमश्चक्री झाली. "कोंडलेला प्राणी दाखवून मुलांना शिकवायचं काय?" असं एका ताईंनी विचारलं. "मग वाघ बघायला ताडोबाची तिकिटं तुम्ही काढून देणार का?" असं एका काकांनी उलट विचारलं. जागच्या जागी डुलणाऱ्या हत्तिणीचा व्हिडिओ आला, त्याला उत्तर म्हणून पांडाच्या पिल्लाचा आला. राणीच्या बागेतले पेंग्विनही आले, कारण मराठी माणसांच्या अशा कुठल्याही वादात ते येतातच. दुसऱ्या रात्री मी सगळे संदेश परत वरून वाचत खाली आले. हत्ती, वाघ, पांडा, गोरिला, डॉल्फिन. खुराचा एकही प्राणी नाही. जिराफसुद्धा नाही.

अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत, हा वाद दोन्ही बाजूंनी भावनेच्या भरात आणि चारपाच लाडक्या जनावरांच्या जिवावर लढवला जातो. ती उद्या बंद होणार नाहीत, हे विरोधकांनाही ठाऊक आहे. प्रश्न असा विचारायला हवा की आत जे आहेत त्यांचा हिशेब कोण ठेवतो आणि तो कुणाला बघता येतो? माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने जनावर ठेवलं त्याने दरवर्षी सांगावं: प्रजातीनिहाय किती आहेत, किती जन्मले, किती मेले, किती कुठे गेले. हा हिशेब कुणालाही वाचता येईल असा उघडा असावा. आणि सुरुवात खुरी प्राण्यांपासून व्हावी. हत्ती हलवला तर बातमी होते, गोरिला मेला तर मेणबत्त्या लागतात. हरणं, कुरंग (काळविटासारखे अँटिलोप), रानगाई, रानमेंढ्या आणि टापीर मात्र एका रात्रीत ट्रकमधून निघून जातात आणि कुणी ब्र काढत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन गेली अठरा वर्षं मी आमच्या गावच्या प्राणिसंग्रहालयात जाते आहे. पहिल्या खेपेला सासरे बरोबर होते. ते पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सिंहापाशी दोन मिनिटं आणि आफ्रिकेच्या कुरणापाशी तासभर. कठड्यावर कोपर टेकून ते तिथल्या कुरंगांबद्दल बोलत होते आणि मी वहीत उतरवत होते: ब्लेसबोक पाच, एकाचे खूर वाढलेत, कापायला हवेत, सिताटुंगा चार, एक पिल्लू, थॉमसन गझेल नऊ, नर एकच. ती वही मी पुढे चालू ठेवली. सासरे गेले, वही राहिली. आज त्या कुरणात यंत्राचे डायनासोर उभे आहेत. बटण दाबलं की मान हलवतात, डरकाळी फोडतात, पोरं खूश होतात. कुंपणाच्या एका खांबाला मिठाची चाटणवीट ठेवायचा लोखंडी कोनाडा अजून तसाच आहे, गंजलेला. हरणं कुठे गेली, असं तिथल्या स्वयंसेवक आजींना विचारलं. "दुसऱ्या संस्थेत हलवली." कुठल्या? त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांचा त्यात दोषही नव्हता.

तर त्यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. चार हरणं इकडची तिकडे गेली. त्यासाठी ॲमस्टरडॅमला जावं लागेल, १८८३ साली. त्या वर्षी १२ ऑगस्टला तिथल्या प्राणिसंग्रहालयात एक क्वागाची मादी मेली. क्वागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचा एक प्रकार. पुढच्या अंगावर पट्टे, मागे नुसता तपकिरी रंग, जणू रंगाऱ्याचा डबा मध्येच संपला. ती जगातली शेवटची क्वागा होती आणि हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आफ्रिकेत 'क्वागा' हा शब्द सगळ्याच झेब्र्यांना सर्रास वापरला जाई, त्यामुळे खरे क्वागा संपत आलेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. संग्रहालयाने तर आणखी एक पाठवा म्हणून मागणी केली. लोक या गोष्टीतून शिकाऱ्यांच्या क्रौर्याचा धडा घेतात, तो बरोबरच आहे. पण ती मादी शिकाऱ्याच्या गोळीने मेली नाही. ती माणसांच्या ताब्यात, छपराखाली, रोजच्या वैरणीवर होती. तिच्याजवळ सगळं होतं. जगात अशा किती उरल्या याची नोंद तेवढी कुणाकडे नव्हती.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतच घडली, आणि ती घडवणारा माणूस काही संत नव्हता. विल्यम हॉर्नडे हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयाचा, मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा कारागीर. १८८६ साली तो माँटानात गेला तो बायसन मारायला. ही जनावरं संपणारच आहेत तर निदान वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेली तरी राहावीत, हा हेतू. २० हून अधिक मारून तो परतला. पण त्या प्रवासात कळप शोधताना जो घाम फुटला, त्याने तो हादरला. मग त्याने पत्रं पाठवून, विचारपूस करून देशभरचे बायसन मोजले आणि १८८९ साली आकडा मांडला: सगळे मिळून १,०९१. त्यातले २५६ कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात बंदिस्त, २०० यलोस्टोनमध्ये सरकारी संरक्षणात, बाकीचे विखुरलेले. कोट्यवधींच्या कळपांच्या आठवणी ताज्या असलेल्या देशापुढे ही चार आकडी संख्या ठेवली गेली. मोजणी आणि बचाव यांचा संबंध इतका उघड फार कमी वेळा दिसतो. पुढे हाच हॉर्नडे ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक झाला आणि १९०७ च्या ऑक्टोबरात तिथून १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांकडे रवाना झाले. न्यूयॉर्क शहरातून गवताळ प्रदेशात! स्टेशनवर तिथले मूळनिवासी कोमांची लोक ते बघायला जमले होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी हे जनावर मोकळं पाहिलेलं होतं, पोरांनी नव्हतं.

इथे विरोधकांची एक गोष्ट मान्य करूनच पुढे जायला हवं. या बायसनांच्या फक्त एक वर्ष आधी, १९०६ च्या सप्टेंबरात, त्याच ब्राँक्समध्ये त्याच हॉर्नडेच्या कारकिर्दीत ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या घरात लोकांपुढे ठेवण्यात आलं होतं. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. प्राणिसंग्रहालय ही संस्था जन्मतःच मालकीच्या माजातून आलेली आहे, हे कुणी म्हटलं तर मी खोडून काढणार नाही. मी एवढंच म्हणेन की अशा संस्थेला तिच्या सदिच्छांवर सोडणं शहाणपणाचं नाही. तिची वही आपल्याला बघता आली पाहिजे.

वहीचं महत्त्व जीवशास्त्राला कळलं तेही खुरी प्राण्यांमुळे. १९७९ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या कॅथरीन रॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. १६ खुरी प्रजाती. जवळच्या नात्यातल्या जोड्यांची पिल्लं आणि बिननात्याच्या जोड्यांची पिल्लं यांतली किती लहानपणीच दगावली, एवढाच साधा प्रश्न. १६ पैकी १५ प्रजातींमध्ये नात्यातल्या जोड्यांची पिल्लं जास्त मेली होती. तोवर बहुतेक ठिकाणी एक नर आणि चार माद्या आणायच्या, त्यांच्याच पोरींवर पुन्हा तोच नर सोडायचा, असा बिनदिक्कत कारभार होता. आपल्याकडचा गाईम्हशी पाळणारा शेतकरीसुद्धा वळू बदलतो हो! दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संग्रहालयांच्या संघटनेने प्रजातीवार एकत्र प्रजननाचे कार्यक्रम सुरू केले. प्रत्येक जनावराला क्रमांक, आई कोण, बाप कोण, जन्म कुठे, बदली कुठे. याला इथे 'स्टडबुक' म्हणतात. त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये आपलं आडनाव आणि गाव विचारून जाडजूड वही काढतात आणि पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. स्टडबुक म्हणजे तीच नामावळी, फक्त यजमान चार पायांचे.

या नामावळीतून काय निघू शकतं याचं एकच उदाहरण देते, कारण ते मला अजूनही अद्भुत वाटतं. मंगोलियाचा रानटी घोडा, प्रझेवाल्स्की घोडा, १९६० च्या दशकाअखेर मोकळ्या रानातून संपला. आज जगात असलेले सगळे जवळपास डझनभर पकडलेल्या पूर्वजांचे वंशज आहेत. त्यांची वही १९५९ पासून चालू आहे. १९८० मध्ये सॅन डिएगोच्या संग्रहालयाने एका नराच्या कातडीच्या पेशी गोठवून ठेवल्या. तो घोडा १९९८ मध्ये मेला. पुढे वही चाळताना ध्यानात आलं की या नराकडे असलेला काही वारसा आजच्या कळपात फारच थोडा उतरला आहे. तेव्हा त्या गोठवलेल्या कुपीतून ६ ऑगस्ट २०२० रोजी टेक्सासमध्ये एका पाळीव घोडीच्या पोटी शिंगरू जन्माला आलं, त्याचं नाव कर्ट. सगळ्या बातम्या क्लोनिंगच्या चमत्काराबद्दल होत्या. पण शीतपेटीतल्या हजारो कुप्यांतून नेमकी हीच काढा, हे कुणी सांगितलं? साठ वर्षं न चुकता लिहिलेल्या कंटाळवाण्या नोंदींनी.

आता विरोधातले खरे मुद्दे. पहिला मुद्दा असा की हिशेबच क्रूर असतो. २०१४ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या संग्रहालयाने मारियस नावाचा दोन वर्षांचा निरोगी जिराफ मारला, लोकांसमोर फाडला आणि सिंहांना घातला. कारण काय, तर त्याचा वारसा युरोपातल्या कळपात आधीच भरपूर होता. वहीच्या भाषेत तो जादा होता. जगभर संताप झाला. हिशेबाने जीव वाचतो म्हणतेस, मग मारियसला वहीनेच मारलं ना, असं मला घरातच ऐकावं लागलं आहे. यातलं अर्धं खरं आहे. वही निर्णय घेत नाही पण निर्णयाला थंडपणा देते. तरी एक विचारते: मारियसचं नाव आपल्याला माहीत का आहे? कोपनहेगनने सांगून केलं म्हणून. काय करणार, का करणार, हे त्यांनी आधी जाहीर केलं, टीका झेलली, आणि वाद जगाच्या चव्हाट्यावर झाला. अमेरिकेत अशी वेळ येऊ नये म्हणून माद्यांना संततिनियमन देतात किंवा नर वेगळे ठेवतात. ते ऐकायला सौम्य वाटतं, पण बरीच वर्षं गाभण न राहिलेली मादी पुढे हवी तेव्हा गाभण राहीलच असं नसतं. आणि तरीही जे जादा ठरतात, ते जातात कुठे?

या प्रश्नाला एकदा उत्तर मिळालं होतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे मर्क्युरी न्यूज या दैनिकाने संग्रहालयांच्याच एकत्रित संगणकीय नोंदी घेऊन हिशेब मांडला: १९९२ ते १९९८ च्या मध्यापर्यंत मान्यताप्राप्त संग्रहालयांतून १९,००० हून अधिक सस्तन प्राणी बाहेर गेले आणि त्यांतले सुमारे ३८ टक्के व्यापारी, लिलाव, खासगी मालक, शिकारीची रानं अशा ठिकाणी पोचले. मान्यताप्राप्त संग्रहालयं म्हणजे तर मलई. देशात सरकारी परवान्यावर प्राणी दाखवणारे जे आहेत, त्यांत ती दहा टक्केही नाहीत. ही बातमी कुठल्या गुप्त कॅमेऱ्यामुळे किंवा फितूर नोकरामुळे फुटली नाही. खतावणी उघडी झाली, बेरीज केली, संपलं. जे प्राणिप्रेमी मित्र मला सांगतात की आकड्यांत शिरू नका, करुणेची भाषा बोला, त्यांना माझं नम्र उत्तर हेच आहे. करुणेच्या भाषेत त्या प्राण्यांचा पत्ता लागला नसता.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे आणि तो संग्रहालयवाल्यांचा आहे. जागा मर्यादित. शंभर प्रजातींचे चारचार नमुने ठेवण्यापेक्षा वीस प्रजातींचे भरघोस कळप ठेवावेत. म्हणून काही प्रजाती ठरवून बंद कराव्या लागतात. हे मला पटतं. जुन्या पद्धतीचा 'टपालतिकिटांचा अल्बम' कुणालाच नको. एका कोपऱ्यात एकटा उभा असलेला टाकिन (हिमालयाकडचा, शेळीच्या कुळातला दांडगा प्राणी), ना जोडी ना कळप, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. पण खुरी प्राण्यांच्या बाबतीत 'बंद करणे' याचा अर्थ वेगळा होतो, तो लाळ्या-खुरकुतामुळे. १९२९ नंतर अमेरिकेत हा रोग आलेला नाही आणि तो येऊ नये म्हणून रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आयातीवर कडक बंधनं आहेत. बाहेरून रानटी रवंथकर्ता आणलाच तर तो मान्यता दिलेल्या आवारातच जन्मभर राहतो. इथे जन्मलेली त्याची पिल्लं तेवढी पुढे जाऊ शकतात. त्यात हरणांच्या कुळात झिजून मरण्याचा तो भयंकर रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला आणि आता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हरीण नेणंसुद्धा जिकिरीचं झालं आहे. बंधनं योग्यच आहेत. गोठ्याला आग लागण्यापेक्षा दार बंद बरं. पण त्याचा परिणाम असा की अमेरिकेतला खुरी प्राण्यांचा साठा म्हणजे ओढा आटलेलं तळं आहे. वाघ बाहेरून येऊ शकतो. इथली एखादी कुरंगाची प्रजाती गेली की बहुधा कायमची गेली. अशा तळ्यातून किती हंडे उपसले ते मोजायचं नाही, असं कुठल्या गावात चालतं? कुठली प्रजाती ठेवायची, कुठली सोडायची, याचे प्रादेशिक आराखडे तज्ज्ञांच्या समित्या करतात. त्या समित्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका इतकीच की सोडलेल्या प्रजातीचा शेवटचा प्राणी कोणत्या वर्षी, कुठे मेला, हे वीस वर्षांनी कुणाला सांगता येईल का. क्वागाचं सांगता येतं, तेही योगायोगाने.

तिसरा मुद्दा टेक्सासचा, आणि यात आपले देशबांधवही गुंतलेले आहेत. काळवीट तिथे १९३० च्या दशकात आणला गेला, नीलगाय त्याच सुमारास किंग रँचवर आली. आज दक्षिण टेक्सासात नीलगाई मोकाट आहेत; विदर्भातला शेतकरी रोह्यांना जेवढ्या शिव्या देतो तेवढ्याच तिथला गुरंवाला देतो, कारण त्या गोचिडांचा ताप पसरवतात. १९७० च्या आसपास टेक्सासमधलेच काळवीट पाकिस्तानात लाल सुहांराला पाठवून तिथली नामशेष झालेली जात परत आणली गेली. आणि खरं नाणं म्हणजे सिमिटर ऑरिक्स, पाठीकडे कोयत्यासारखी वळलेली शिंगं असलेला सहाराचा पांढरा कुरंग. २००० साली तो मोकळ्या रानातून नामशेष जाहीर झाला, आणि टेक्सासच्या खासगी कुरणांवर मात्र १९७९ मधल्या ३२ वरून २०१० पर्यंत ११,००० च्या वर गेला, अशी तिथल्या पशुपालकांच्या संघटनेची मोजणी आहे. का वाढला? श्रीमंत शिकारी एका ऑरिक्ससाठी हजारो डॉलर मोजतात म्हणून. २०१२ मध्ये शिकारीसाठी केंद्राचा परवाना सक्तीचा झाला तेव्हा मालकांनी आरडाओरडा केला आणि २०१४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती सक्ती काढून टाकली. मालकांचा दावा असा: तुमच्या वह्यांनी शेकड्यांनी वाढवले, आमच्या बंदुकीने हजारांनी. मग वही कशाला?

या दाव्यापुढे प्राणिप्रेमी नाक मुरडतात. मी मुरडणार नाही; अकरा हजार ही थट्टा नव्हे. पण डोकी मोजणं म्हणजे कळप ओळखणं नव्हे. अकरा हजारांमागे पूर्वज किती? दहा की शंभर? ते वहीशिवाय कळत नाही. २०१६ मध्ये चाडच्या गवताळ वाळवंटात ऑरिक्स परत सोडायला सुरुवात झाली तेव्हा अबू धाबीत मुद्दाम एक मिश्र कळप उभा केला गेला, अमेरिका, युरोप, आखात अशा निरनिराळ्या ठिकाणची जनावरं निवडून, वारसा जितका वेगवेगळा तितका बरा म्हणून. नुसती संख्या हवी असती तर टेक्सासातून विमानं भरता आली असती. २०२३ च्या शेवटी या प्राण्याचा दर्जा 'मोकळ्या रानातून नामशेष' वरून 'संकटग्रस्त' असा सुधारला. त्याच्याही आधी अरबी ऑरिक्सचं असंच झालं होतं: १९६३ पासून ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये नऊ जनावरांपासून कळप वाढवला, १९८२ मध्ये ओमानात सोडला. नऊ. त्या नवांतलं प्रत्येक कुठून आलं, हे लिहिलेलं आहे. टेक्सासच्या मालकाने शिकार करू द्यावी की नाही, हा वेगळा वाद आहे आणि त्यात माझं मत त्यांच्या विरोधात आहे. पण ज्याने नामशेष होत चाललेल्या प्रजातीचा मोठा हिस्सा बाळगला आहे, त्याला 'माझी जमीन, माझी जनावरं' म्हणून सुटता येऊ नये. जमीन आपलीच असते, तरी सातबारा गावच्या चावडीवर असतो.

उरला गुप्ततेचा मुद्दा. नोंदी उघड्या केल्या तर चोर येतील, माथेफिरू येतील, संग्रहालयातल्या मामुली कर्मचाऱ्याला धमक्या येतील. २०१७ मध्ये पॅरिसजवळच्या थ्वारीच्या संग्रहालयात घुसून चोरांनी व्हिन्स नावाचा गेंडा गोळ्या घालून मारला आणि शिंग कापून नेलं. भीती खरी आहे. पण व्हिन्स कुठे उभा असतो हे चोरांना वहीतून शोधावं लागलं नव्हतं. तिकीट काढलेल्या प्रत्येकाने तो पाहिला होता. गोठ्याचा नकाशा कुणी मागत नाही, गोठ्यात किती शिंगं आहेत ते मागतोय. आणि झाकल्याने काय होतं तेही आपण बघितलं: २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासणी अहवाल संकेतस्थळावरून अचानक काढून घेतले. कुठल्या आवारात तपासणीच्या दिवशी कुठले प्राणी किती होते, हे सामान्य माणसाला कळायची तेवढीच एक फट होती. काँग्रेसने कायदा करून भाग पाडलं तेव्हा २०२० मध्ये ते परत आले. जगभरच्या संग्रहालयांची जी मोठी एकत्र नोंदवही आहे ती सभासदांपुरती आहे. गंमत म्हणजे एकेकाळी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वार्षिकांकात बंदिवासातल्या दुर्मीळ प्राण्यांची गणना सरळ छापली जायची. साधनं कमी होती तेव्हा उघडेपणा जास्त होता. भारतातल्या संग्रहालयांचे दोष सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही, पण तिथे प्रत्येक मान्यताप्राप्त संग्रहालयाला वर्षाची प्राणिगणना केंद्रीय प्राधिकरणाला द्यावी लागते आणि ती प्रसिद्ध होते: वर्षारंभी किती, जन्म, मृत्यू, आवक, जावक, वर्षअखेर किती. त्यात चुका निघतात, वाद होतात. होऊ देत. चूक काढायला आधी आकडा लागतो. जे कात्रज करू शकतं ते इथल्या कोट्यवधी डॉलरच्या संस्थांना जमू नये?

तोवर हे काम हौशी मंडळी करताहेत. देशभर फिरून कुठल्या कुरणात काय उरलंय ते टिपणारी, याद्या जुळवणारी, एखादं कुरंग शेवटचं कुठे दिसलं यावर भांडणारी माणसं आहेत. त्यांना लोक हसतात, रेल्वेची इंजिनं टिपणाऱ्यांना हसतात तसे. १९०० सालच्या नाताळात इथे २७ जणांनी बंदुका घरी ठेवून पक्षी मोजायला सुरुवात केली तेव्हा तेही हास्यास्पदच होतं. आज त्या मोजणीशिवाय अमेरिकेतल्या पक्ष्यांचं काय झालं हे कुणालाच सांगता आलं नसतं.

सहल शेवटी झाली. विरोध करणाऱ्या ताईंनीही मुलगा पाठवला, डब्यात थालीपीठ देऊन. मी प्रत्येक मुलाला एक कागद दिला: प्राण्याचं नाव, पाटीवर काय लिहिलंय, प्रत्यक्षात किती दिसले. डायनासोरपाशी अर्धा तास गेला, ते अपेक्षितच होतं. झेब्र्यांपाशी दोन मुलांचं जुंपलं. एकाने पाच लिहिले होते, दुसरीने सात. तो म्हणाला, तू पट्टे मोजलेस. ती म्हणाली, तू मागचे बघितलेच नाहीस. तेवढ्यात वैरणीची ढकलगाडी घेऊन तिथली राखणदार आली, तिला दोघांनी पंच केलं. ती म्हणाली, सहा. पण एक मादी आत आहे, तिचे दिवस भरलेत, आज नाहीतर उद्या. मुलीने कागदावरचा सात खोडला नाही. बस सुटायला दहा मिनिटं होती आणि ती दोघं पुन्हा कठड्याकडे पळाली होती, मोजायला.